झडतीताईची ओवाळणी

परक्या बाईने माझ्या नवऱ्याच्या खिशात हात घातला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांदेखत. लग्न होऊन मी नागपूरहून जबलपूरला आले त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. हे डबा घरीच विसरले म्हणून मी पदर सांभाळत मागे पळत गेले, तर आमच्या लाईनीच्या कोपऱ्यावर, चिंचेच्या झाडाखाली, एक उंचपुरी बाई यांची सायकल अडवून उभी. आधी सदऱ्याचा खिसा झाला, मग पँटचा डावा, मग उजवा. हे दोन्ही हात वर करून मुकाट उभे, आणि मागे सायकलींची रांग लागलेली. आईने सासरबद्दल बरंच काही सांगून पाठवलं होतं, पण यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

खिसे पाहून झाल्यावर तिने यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "जा वसंता. साफ आहे." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अच्छा, ही काय आमची नवी भावजय? डबा आणला? दे इकडे." माझ्या हातातून डबा घेऊन तिने झाकण उघडलं, पोळ्या उचलून खाली पाहिलं, भाजीत चमचा फिरवून पाहिला आणि मला म्हणाली, "तेल जरा हात राखून घालत जा बाई, पुढं पोरंबाळं व्हायची आहेत." कपाळ माझं! संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी भांडणाच्याच तयारीने बसले होते. "कोण हो ती बाई?" म्हटलं. तर हे हसत म्हणाले, "ती होय! ती झडतीताई. माझी बहीण." यांना बहीण नाही, हे लग्न ठरतानाच आम्हाला सांगितलं होतं.

मग हळूहळू उलगडा झाला. जबलपूरबाहेर रांझीला आमची लाईन, म्हणजे फॅक्टरीच्या क्वार्टरांची लाईन. हे काम करत ते बारूद भरायच्या शेडमध्ये. तिथे आगपेटीला सक्त मनाई. एक काडी जरी कुणाकडे सापडली तरी नोकरी गेलीच समजा. आणि सापडली नाही, आत जाऊन पेटली, तर शेड आणि शेडमधली माणसं गेलीच समजा. गेटवर दरबान होते, ते झडती घ्यायचे. पण भोंगा व्हायच्या वेळी गेटवर ही गर्दी, आणि बिडीच्या तलफेचा माणूस मोठा कारागीर असतो. कुणी टोपीच्या घडीत काडी लपवी, कुणी मोज्यात, कुणी पोळीच्या घडीत. म्हणून ताईने आपल्या मनानेच हे काम अंगावर घेतलं होतं. तिला ना कुणी सांगितलं होतं, ना त्याचा कुणी पगार देत होतं. "दरबान परका माणूस, तो वरवर चाचपते," ती म्हणायची. "बहीण कशी, अस्तरात बोट घालते."

सगळ्यांचीच झडती ती घेत नसे हो. घ्यायची ती फक्त आपल्या भावांची. आणि तिचे भाऊ म्हणजे विदर्भातून नोकरीला आलेली पोरं. कुणी वर्ध्याचा, कुणी गोंदियाचा, कुणी अमरावतीकडचा. घरापासून लांब, बहिणी लांब, भाऊबीजेला सुट्टी नाही. अशांना ती घरी बोलवायची, पाटावर बसवायची, ओवाळायची, कानोले म्हणजे करंज्या खाऊ घालायची. एकदा तिच्याकडून ओवाळून घेतलं, की वर्षभर कोपऱ्यावर खिसे उलटे करून दाखवायचे, हा करार. लाईनीतल्या हिंदी बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मीही सुरुवातीला नाक मुरडलंच होतं, खोटं कशाला बोलू.

भाऊ कसा मिळवायचा याचीही तिची एक तऱ्हा होती. एकदा मी तिच्याबरोबर शहरात कमानिया गेटच्या बाजारात गेले होते, दिवाळीच्या खरेदीला. बांगड्यांच्या दुकानासमोर एक कोवळा पोरगा बिडी शिलगावत उभा होता. खिशाला फॅक्टरीचा पास लावलेला. ताईने मला हातातली पिशवी दिली, सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या तोंडातली बिडी काढून नालीत फेकली. पोरगा भडकला, "आप कौन होती हैं?" ही म्हणते, "तेरी दीदी." भोवती माणसं जमली. पोरगा तावातावाने बडबडला आणि चिडता चिडता त्याच्या तोंडून मराठी बाहेर पडली. "काहून पिऊ नये? माझी बिडी आहे!" झालं. ताई इतकी खूश झाली की तिने त्याला तिथेच खोव्याची जिलेबी खाऊ घातली. गुलाब त्याचं नाव. तुमसरकडचा निघाला, म्हणजे हिच्याच माहेरचा. त्या भाऊबीजेला तो पाटावर होता, आणि पुढे तिचा सगळ्यात लाडका भाऊ तोच झाला.

आता ओवाळणीचं सांगते. ती पाहून तर मी तोंडात बोटच घातलं. भावाने ताटात पैसे टाकावेत, साडी द्यावी, ही आपली रीत. ताईच्या ताटात आगपेटी टाकायची. जो बिडी ओढतो त्याने आपली आगपेटी टाकायची, जो ओढत नाही त्याने बाजारातून नवी आणून टाकायची, पण टाकायची आगपेटीच. कुणी रुपया काढला तर ती त्याचा हात धरायची. "पैसा नको बापा. तुझ्या खिशातली आग मले दे." मग एकेका आगपेटीवर ती कुंकवाचं बोट लावायची. ओवाळणी ती ओवाळणी, लक्ष्मीच, असं तिचं म्हणणं. आणि मग सगळ्या आगपेट्या डालड्याच्या एका मोठ्या डब्यात भरून चुलीवरच्या फळीवर ठेवायची. वर्षभर तिची शेगडी, तिची समई, तिची उदबत्ती त्या डब्यातल्या काड्यांवर चालायची. मी एकदा म्हटलं, "ताई, ही कसली हो ओवाळणी?" तर हसून म्हणाली, "मालू, भावानं ओवाळणी टाकली की वर्षभर पुरली पाहिजे. पाहा, पुरून राहिली की नाही?"

खरं कारण तिने एकदाच सांगितलं. आम्ही दोघी अंगणात शेवया करत होतो. तिला पाठचा एक भाऊ होता. त्या मोठ्या लढाईच्या वेळी तो दुसऱ्या कुठल्याशा गावच्या बारूदखान्यात कामाला लागला. बिडी ओढत नव्हता, तंबाखू खात नव्हता, सुपारीचं खांडही नाही. "दुसऱ्याच्या बिडीनं गेला," एवढंच ती म्हणाली. घरी काहीही आलं नाही, नुसता निरोप आला. तेव्हापासून लग्न होऊन इथे येईपर्यंत भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, ही आपल्याकडची रीत. "लई वर्षं ओवाळलं," ती म्हणाली. "पण चंद्र ताटात काही टाकत नाही. जेवायला येत नाही. मग म्हटलं, इथं एवढे पोट्टे बिनबहिणीचे हिंडून राहिले, मी काहून आभाळाकडं पाहू?" आणि शेवया करता करता ती हसली.

तिचा नवरा म्हणजे सगळ्यांचे जिजाजी. यांच्याच शेडमध्ये होते, यांच्याहून बरेच वरचे. गोड माणूस. गणपतीत तबला वाजवायचे, लाईनीत कुणाकडे बारसं असो की मयत, पहिले हजर. यांना कामाच्या पहिल्या दिवशी हात धरून शेडमध्ये नेलं ते जिजाजींनीच. पूर्वी बिडी ओढायचे, पण ताईने सोडवली. ती अभिमानाने सांगायची, "ह्यांनी माझ्या शब्दाखातर सोडली." म्हणून कोपऱ्यावर रोज सकाळी ती सगळ्यांना अडवायची आणि जिजाजींची सायकल मात्र घंटी वाजवत पुढे निघून जायची. जाता जाता तेही टोमणा मारायचे, "मी भाऊ नाही, मी सुटलो रे बाबांनो!" सगळे हसायचे. ताई पण हसायची.

मग चीनची लढाई लागली. दिवाळी तोंडावर आलेली आणि रेडिओवर रोज ऐकवणार नाहीत अशा बातम्या. फॅक्टरीत सुट्ट्या बंद. बारा-बारा तास काम. माणसं घरी यायची ती भिंतीला टेकून जेवायची आणि बसल्या जागी झोपायची. नवी भरती इतकी झाली की गेटवर पाय ठेवायला जागा नसे, आणि दरबान तरी किती खिसे पाहणार? ताईचा जीव नुसता वरखाली व्हायचा. ती कोपऱ्यावर आणखी लवकर येऊन उभी राहू लागली. रांझीतल्या एकूण एक पानठेल्यावर जाऊन तिने दम भरला होता, "माझ्या कोणत्याही भावाले आगपेटी विकली तर ठेला उलटा करीन. आणि आमच्या ह्यांना पण देऊ नका, जुनी सवय आहे." पानवाले तिला इतके वचकून असत की खरोखरच कुणी देत नसे.

भाऊबीजेची सकाळ उजाडली. सुट्टी नव्हतीच, पण सण म्हणून त्या दिवशी संध्याकाळी पाचलाच सोडणार असं कळलं होतं. ताईने सकाळीच कानोले तळायला घेतले होते, मी मदतीला होते. भोंग्याच्या आधी ती हात पुसत कोपऱ्यावर आली, मागोमाग मीही. भाऊ एकेक करून खिसे उलटे करत होते. कुणी थट्टा करत होता, कुणी संध्याकाळी बासुंदी आहे का विचारत होता. तेवढ्यात जिजाजींची सायकल आली. गुलाबला लहर आली. तो सायकलीपुढे आडवा झाला आणि म्हणाला, "ताई, आज सणाचा दिवस. आज जिजाजींची पण झडती होऊन जाऊ दे!" सगळ्यांनी गलका केला. "हो, हो, होऊन जाऊ दे!"

जिजाजी म्हणाले, "उशीर होऊन राहिला रे, सोड." पण ताई रंगात आली होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता. "घेते ना! भिऊ काहून? माझा माणूस सोन्यासारखा आहे, पाहा सगळेजण!" असं म्हणत तिने हसत हसत त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. आणि तो हात तिथेच राहिला.

मी अगदी समोर उभी होते. तिने हात बाहेर काढला तेव्हा मुठीत आगपेटी होती, आणि आगपेटीवर कुंकवाचं वाळलेलं बोट.

कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. पानठेल्यावर मिळेना म्हणून त्यांनी घरातल्या त्या डब्यातलीच उचलली होती. भावांच्या खिशातून काढून, कुंकू लावून, जी आग तिने वर्षभर फळीवर सांभाळली, तीच तिच्या घरातून निघून रोज त्याच शेडमध्ये जात होती. जिथे हे काम करत होते, गुलाब करत होता. हे माझ्या शेजारी उभे आहेत, धडधाकट आहेत, याचीच मला एकदम धडकी भरली.

जिजाजी पुटपुटले, "फक्त दोन झुरके गं. मागं संडासात. बारा तास होत नाही मला." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग माझ्याच नवऱ्याने हलक्या आवाजात म्हटलं, "ताई, पदराखाली घाल. आम्ही काही पाहिलं नाही." बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांनाच माहीत होतं, लढाईचे दिवस, हे वर कळलं तर माणसाची नोकरी राहणार नाही, क्वार्टर राहणार नाही, तुरुंगही दिसायचा. गुलाब तर रडायलाच लागला, "मी गंमत केली हो ताई, गंमत केली."

ताईने जिजाजींकडे पाहिलं. मग भावांकडे पाहिलं, एकेकाच्या तोंडाकडे. आणि ती गेटकडे चालू लागली. मी मागून हाका मारल्या, "ताई! अहो ताई!" तिने वळून पाहिलं नाही. गेटवर म्हातारा दरबान होता, तो तिला चांगला ओळखायचा. तिने आगपेटी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "ये मेरे आदमी के कोट से निकली है, भैया. उसको अंदर मत जाने दो." दरबान घाबरला. "दीदी, सोच लो. त्योहार का दिन है." ती म्हणाली, "सोच लिया. अंदर मेरे भाई काम करते हैं."

आज मी विजय नगरात मुलाच्या घरी राहते. नातवंडांना मराठी समजतं, पण बोलतात हिंदीच. त्यांना हे सांगितलं की ती म्हणतात, "आजी, ऐसा कोई करता है क्या?" मलाही अजून तोच प्रश्न पडतो. मी तिच्या जागी असते तर आगपेटी पदराखाली घातली असती, घरी जाऊन नवऱ्याशी भांडले असते, अबोला धरला असता, देवाची शपथ घालायला लावली असती. आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा काडी नेली असती, की नसती? हे कुणाला माहीत आहे? तिला मात्र ते जुगारावर लावायचं नव्हतं. आणि तिचा भाऊ दुसऱ्याच्या बिडीनं गेला होता.

जिजाजींचा पास त्याच दिवशी काढून घेतला. चौकशी झाली, तुरुंग टळला, पण नोकरी गेली आणि क्वार्टर सोडायचा हुकूम आला. थंडी संपायच्या आत दोघं तुमसरला निघून गेली. निघताना जिजाजींनी यांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, "वसंता, ती बरोबर होती. मला कळते ते. पण घरात तोंडातून निघत नाही रे." पुढे ते निघालं की नाही, देव जाणे. ताईची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. यांचं मात्र असं झालं, की निवृत्त झाल्यावरसुद्धा हे सकाळी घराबाहेर पडताना दारात उभे राहून खिसे उलटे करायचे. सून हसायची. मी नाही हसले कधी.

पण त्या भाऊबीजेची संध्याकाळ सांगायची राहिली. तीच तर सांगायची आहे.

दिवसभर लाईन नुसती धुमसत होती. सकाळी ज्या बायका तिच्या कानोल्यांचं कौतुक करत होत्या, त्याच नळावर म्हणत होत्या, "नवऱ्याची झाली नाही, ती कुणाची होणार?" दुपारी मी मागच्या दाराने गेले. जिजाजींना सोडून दिलं होतं, ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. ताई मोरीजवळ बसली होती. डालड्याचा तो डबा तिने पाण्याच्या बादलीत पालथा केला होता, आणि लाल गुल सुटून पाणी रंगलं होतं. मला म्हणाली, "मालू, कानोले भरपूर झाले आहेत. पोट्टे येतील संध्याकाळी." मी मान हलवली. येतील, असं मलाही वाटत होतं. एवढे भाऊ, एखादा तरी येईलच की!

पाचला भोंगा झाला. तिने अंगण सारवून रांगोळी काढली होती, पाट मांडले होते. सायकली आल्या. कोपऱ्यावरून वळल्या. एकही तिच्या दारात थांबली नाही. मी खिडकीत उभी राहून एकेकाला ओळखत होते, आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. हा गोंदियाचा, याचा ताप तिने काढला होता. हा अमरावतीचा, याच्या बायकोचं बाळंतपण तिने केलं होतं. खाली मान घालून सगळे पुढे. गुलाब तर दुसऱ्या गल्लीतून गेला. आणि आमचे हे? हेही सायकल आत घेऊन आले आणि खाटेवर बसून राहिले.

शहराच्या बाजूला बीजेची कोर दिसू लागली, नखाएवढी. ताई अंगणात आली. तिच्या हातात ताट होतं, निरांजन होतं, सुपारी, अंगठी, सगळं होतं. तिने पाटांकडे पाठ केली, कोरीकडे तोंड केलं आणि ओवाळू लागली.

त्या दृश्याने मला जो हादरा बसला तो सकाळच्या आगपेटीनेही बसला नव्हता. मी वळले आणि यांच्यावर अशी तुटून पडले की विचारू नका. "उठा! बसून काय राहिलात? ती बाई चंद्राला ओवाळून राहिली आहे! तिचे भाऊ मेले का सगळे?" हे म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ, मालती? पदराखाली घाल, असं मीच म्हटलं तिला. तिनं माझ्यासाठी घर मोडलं, आणि मी झाकायला सांगत होतो." मी म्हटलं, "मग त्याच तोंडानं जा! दुसरं कुठून आणणार?" आणि दंडाला धरून मी यांना बाहेर काढलं. नवऱ्याच्या दंडाला धरायची माझी ती पहिलीच वेळ.

आम्ही तिच्या अंगणात गेलो तोवर कोर बुडाली होती आणि वाऱ्याने निरांजन विझलं होतं. ती ताट मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. यांना पाहून उठली नाही. म्हणाली, "उशीर केला रे. माझं ओवाळून झालं." हे जाऊन पाटावर बसले. लहान मुलासारखी मान खाली. ताईने ताटाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. चूल विझलेली, आगपेट्या सगळ्या बादलीत. आणि एकदम तिने यांना विचारलं, "तुझ्याजवळ आगपेटी आहे का रे?"

हे पाटावरून उठले. सदऱ्याचा खिसा उलटा केला. मग पँटचा डावा, मग उजवा. पांढरी अस्तरं बाहेर काढून, दोन्ही हात वर करून तिच्यापुढे उभे राहिले. ती त्या रिकाम्या खिशांकडे पाहत राहिली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिला रडू फुटलं. मीही रडले.

मग मी घरी धावले, देवापुढची पणती उचलली आणि वाऱ्याने विझू नये म्हणून पदराखाली धरून घेऊन आले. त्या ज्योतीवर तिने निरांजन लावलं. यांना कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, ओवाळलं. ताटात टाकायला यांच्याजवळ काही नव्हतं. हे चाचरत तसं म्हणालेही. ती म्हणाली, "काही टाकू नको. जिता आहेस ना, बस."

आतल्या काळोखातून जिजाजींचा आवाज आला, "कोण आलं आहे गं?"

ताईने डोळे पुसले, पदर सावरला आणि म्हणाली, "माझा भाऊ आला आहे."